चौकटीचे माप कुणी ठरवायचे?

(हीरक महोत्सवी सोहळ्यात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शाळेच्या हीरक महोत्सवात भाषेविषयी, शिक्षणाविषयी आणि गतकाळाविषयी बोलणारे वक्ते पुष्कळ असतात, आणि असावेत. मला मात्र संयोजकांनी माझ्या व्यवसायातील एखादा विषय सर्वांना उमजेल अशा रीतीने मांडण्याची सूचना केली. संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या खिडक्या घडवणे हे माझे काम. म्हणून आज मी अगदी लहान वाटणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. त्या खिडकीतील बटणाची रुंदी किती असावी, रकान्याची उंची किती असावी, हे कुणी ठरवायचे? प्रश्न शिंप्याच्या मापाइतका साधा वाटेल. परंतु आपली मराठी त्या पडद्यावर ऐसपैस बसणार की अंग चोरून बसणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

बँकेतील कारकुनाचे टेबल, रुग्णालयातील नोंदणीची जागा, आपल्या शाळेचे कार्यालय, कुठेही पाहा. पडद्यावर एक खिडकी उघडी असते. तिच्यात मजकुराच्या पट्ट्या, माहिती भरण्याचे रकाने, बटणे आणि तक्ते असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यांतील प्रत्येक वस्तू हा एक आयत आहे. त्या आयताला चार आकडे लागतात: डाव्या कडेपासूनचे अंतर, वरच्या कडेपासूनचे अंतर, रुंदी आणि उंची. पडदा प्रकाशाच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि हे आकडे बहुधा पिक्सेलमध्ये मोजले जातात.

हे आकडे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ते आपल्या हाताने लिहून टाकणे. १९८४ साली अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला, तेव्हा त्याचा पडदा यंत्रातच बसवलेला होता आणि त्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ पिक्सेल होते. पडदा एकच असेल, तर छापखान्यातील कागदासारखे त्याच्याकडे पाहता येते. पण पुढे पडदे बदलत गेले. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत ६४० बाय ४८० पिक्सेल होते. आज १९२० बाय १०८० ही सामान्य गोष्ट आहे, आणि ३८४० बाय २१६० पिक्सेलचे पडदेही घरोघरी दिसू लागले आहेत. शिवाय ठिपक्यांची दाटी वेगवेगळी असते. एका इंचात ९६ ठिपके असलेल्या पडद्यावर ९६ पिक्सेलचे बटण एक इंच रुंद दिसते. इंचात १९२ ठिपके असलेल्या पडद्यावर, संगणकाने मध्ये पडून ते मोठे केले नाही, तर तेच बटण अर्ध्या इंचाचे होते.

जून महिन्यात मुलांचे गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला काय सांगतो, हे पालकांना ठाऊक आहे. ‘वाढत्या अंगाचा शिवा,’ एवढेच आपण म्हणतो. आजचे माप खोटे नसते; ते फक्त आजचे असते. हाताने लिहिलेल्या पिक्सेलच्या आकड्यांचा दोष नेमका हाच आहे. लिहिणाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या पडद्यावर, त्याच्या भाषेत ते बरोबर असतात. दुसऱ्याच्या टेबलावर ते आखूड होतात.

या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. त्यांतील एक सर्वपरिचित उदाहरण घेऊ. जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा या भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. एकदा लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर चालावा, मॅकिंटॉशवर चालावा आणि सनच्या स्वतःच्या यंत्रांवरही चालावा, ही तिची प्रतिज्ञा होती. पण या यंत्रांवर अक्षरे निराळी होती, बटणांच्या कडा निराळ्या होत्या. एकाच बटणाचे माप तीन ठिकाणी तीन प्रकारचे होते. म्हणून जावाच्या कर्त्यांनी आकडे लिहिण्याचे काम माणसाकडून काढून एका मध्यस्थाकडे दिले. त्याला आपण मांडणी-व्यवस्थापक म्हणू. प्रोग्राम लिहिणाऱ्याने एवढेच सांगायचे की कोणती वस्तू कुणाशेजारी बसणार आहे. मापे व्यवस्थापक काढील.

जावाचा एक व्यवस्थापक नकाशातील दिशांच्या भाषेत बोलतो. खिडकीचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम आणि मध्य असे पाच भाग तो करतो. उत्तर आणि दक्षिण यांना हवी तेवढी उंची आणि खिडकीची पूर्ण रुंदी मिळते. पूर्व आणि पश्चिम यांना हवी तेवढी रुंदी आणि मधली उरलेली उंची मिळते. राहिलेली सगळी जागा मध्याची. दुसरा व्यवस्थापक ‘सर्वांना सारखे’ या न्यायाने चालतो. तो जागेचे समान चौकोन पाडतो. आकडेमोडीच्या यंत्राची बटणे त्यात छान बसतात. पण ‘होय’ आणि ‘पहिल्यापासून पुन्हा सुरू करा’ यांना एकाच मापाचा चौकोन दिला, तर एकाला जागा जास्त होते आणि दुसऱ्याचा श्वास कोंडतो.

आता या सगळ्यांच्या मुळाशी असलेली पद्धत पाहू. ती समजायला संगणकाचे ज्ञान लागत नाही; भरल्या घरातील स्वयंपाकघर पाहिलेले असले की पुरते. कणीक मळण्यापूर्वी आई प्रत्येकाला विचारते, ‘तुला किती पोळ्या?’ ही पहिली फेरी. उत्तरे गोळा झाली की हातातल्या पिठाचा अंदाज घेऊन ती वाढायला बसते. ही दुसरी फेरी. खिडकीतही असेच घडते. पहिल्या फेरीत बाहेरची चौकट आपल्या पोटातील प्रत्येक वस्तूला विचारते की तुला किती जागा हवी. त्या वस्तूच्या पोटात आणखी वस्तू असतील, तर ती त्यांना विचारते आणि बेरीज करून वर कळवते. गरज खालून वर जाते. दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष उपलब्ध जागा वरून खाली वाटली जाते. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेल्या डब्ल्यूपीएफ या साधनसंचात या दोन फेऱ्यांची नावेच ‘मापणे’ आणि ‘मांडणे’ अशा अर्थाची आहेत.

पहिल्या फेरीत वस्तू एकच आकडा सांगून थांबत नाही. माझे काम भागेल असे किमान माप किती, मला आवडेल असे माप किती आणि ज्यापुढे जागा दिली तरी उपयोग नाही असे कमाल माप किती, अशी तीन उत्तरे तिला देता येतात. नॉर्वेमध्ये जन्मलेल्या क्यूट या साधनसंचाने याच्या जोडीला वस्तूचा स्वभावही विचारला. उरलेली जागा तुला हवी आहे का, की तू आहेस तेवढ्यात समाधानी आहेस? दोन वस्तूंना हवी असेल, तर कोणत्या प्रमाणात? डाव्या भागाला एक आणि उजव्याला दोन असे प्रमाण ठरले, तर शिल्लक ३०० पिक्सेलपैकी १०० एकाला आणि २०० दुसऱ्याला जातात.

एक हिशेब करून पाहू. समजा, शाळेच्या कार्यालयातील खिडकी ६०० पिक्सेल रुंद आहे. एका ओळीत ‘विद्यार्थ्याचे नाव’ ही पट्टी, नाव लिहायचा रकाना आणि ‘शोधा’ हे बटण आहे. मधल्या फटी सोडून देऊ. पट्टी १२० मागते, बटण ८० मागते; दोघांनाही अधिकाची हाव नाही. रकाना म्हणतो, निदान १०० द्या, पण उरेल ते सगळे मला चालेल. मग रकान्याला ४०० मिळतात. खिडकी ९०० पर्यंत ताणली, तर पट्टी आणि बटण जागचे हलत नाहीत आणि रकाना ७०० होतो. खिडकी आक्रसत नेली, तर १२०, ८० आणि १०० मिळून ३०० वर ती अडते. त्याहून लहान व्हायला ती नकार देते. आणि पट्टीवर इंग्रजीतला ‘नेम’ हा छोटा शब्द आला, तो ५० मध्येच मावला, तर ६०० च्या खिडकीत रकाना न सांगता ४७० होतो. भाषा बदलली, पण कुणाला एकही आकडा नव्याने लिहावा लागला नाही.

या व्यवस्थेला बाध आणणारी सवय मात्र आमच्या व्यवसायात सर्वत्र आढळते. ही सर्व साधने प्रोग्राम लिहिणाऱ्याला एक मुभा देतात: वस्तूला न विचारता तिच्या वतीने तुम्हीच उत्तर द्या. बटणाला ८० हवेत असे त्याच्या तोंडी घाला. काम वेळेत संपवायचे असते, चित्रातल्यासारखी खिडकी हवी असते, आणि हा मार्ग एका ओळीचा असतो. त्यानंतर विचारपूस चालू राहते, पण ती नावापुरती. व्यवस्थापक विचारतो आणि त्याला पढवलेले उत्तर मिळते. बटणावरचा शब्द बदलला, अक्षर मोठे झाले, तरी उत्तर तेच. आई रोज विचारते आणि थोरला भाऊ परस्पर सांगतो, ‘धाकट्याला दोनच पुरतात.’ पडद्यावर तुटलेले, कापलेले, तीन टिंबांत संपणारे शब्द दिसतात, ते पुष्कळदा या धाकट्यांचे असतात.

येथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. इंग्रजीतील ‘ओके’ आपल्याकडे ‘ठीक आहे’ होते, ‘सेव्ह’चे ‘जतन करा’ होते, ‘एडिट’चे ‘संपादन करा’ होते. मराठी नेहमीच लांब असते असे नाही. ‘हेल्प’ला ‘मदत’ पुरते. पण इंग्रजी शब्दावर बेतलेली रुंदी मराठीला पुरेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. शब्दातील अक्षरे मोजून रुंदीचा अंदाज करणेही फसवे आहे. ‘क्षत्रिय’ हा शब्द संगणकाच्या युनिकोड पद्धतीत आठ चिन्हांनी साठवला जातो. डोळ्यांना मात्र तीनच अक्षरे दिसतात. जावाच्या रकान्याला ‘वीस अक्षरे मावतील एवढा हो’ असे सांगण्याची सोय आहे. पिक्सेल लिहिण्यापेक्षा ती कितीतरी चांगली. पण तेथे एका अक्षराची रुंदी रोमन लिपीतील ‘एम’ या अक्षरावरून धरलेली आहे. म्हणून जोडाक्षरे जुळवून, मात्रा लावून झालेला संपूर्ण शब्द मोजल्याशिवाय देवनागरीचे खरे माप मिळत नाही.

उंचीची गोष्ट याहून गंभीर आहे. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांच्या माथ्यावर इंग्रजीत काही नसते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. रोमन अक्षरांवर बेतलेल्या उंचीत देवनागरी ओळ बसवली की कधी माथा कापला जातो, कधी पाय. त्याने केवळ शोभा जात नाही. दीर्घ वेलांटीचा वरचा फाटा कापला गेला की ‘माळी’चा ‘माळा’ दिसतो आणि ‘पाटी’चा ‘पाटा’. अनुस्वार गेला की ‘वंश’ ‘वश’ होतो. खालचा उकार गेला की ‘मुळा’चा ‘मळा’ होतो आणि ‘पुत्र’ ‘पत्र’ होऊन बसतो. नाव, गाव आणि औषध ज्या खिडकीत वाचले जाते, तेथे ही हानी किरकोळ म्हणता येत नाही.

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्याला हे अधिक सहज कळावे. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि या शहरातील मराठी घरे येथेच राहिली. तेव्हापासून आपली मुले रस्त्यावर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी पाट्या वाचत शाळेत येतात आणि फळ्यावर मराठी लिहितात. तेलुगूतील जोडाक्षरांत दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लटकते. तिला खाली जागा हवी. उर्दूची नस्तालिक लेखनशैली उजवीकडून डावीकडे उतरत्या तिरक्या ओळीने चालते. तिला उंची हवी आणि शिवाय साऱ्या खिडकीची दिशाच उलटी हवी, म्हणजे पट्टी उजवीकडे आणि रकाना तिच्या डावीकडे. ज्याने ‘डाव्या कडेपासून १० पिक्सेल’ असे लिहिले, त्याची खिडकी उर्दूत नीट बसत नाही. ज्याने ‘ओळीच्या सुरुवातीला’ असे लिहिले, त्याची खिडकी आपोआप पालटते. एकाच शहरातील चार भाषांना एकच खिडकी पुरवायची असेल, तर आकडा आधी लिहून चालत नाही. आधी विचारावे लागते.

ही विचारपूस वाटते तेवढी सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. परिच्छेदाला ‘तुला किती उंची हवी?’ असे विचारले, तर तो उलट विचारतो, ‘रुंदी किती देणार?’ रुंदी कमी दिली की ओळी वाढतात आणि उंची वाढते. मुक्त प्रोग्रामांच्या जगात प्रसिद्ध असलेल्या जीटीके या साधनसंचाने २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘या रुंदीला किती उंची’ असा प्रश्न विचारण्याची रीतसर सोय केली. त्यातही गाठी पडतात. मजकूर मावत नाही म्हणून बाजूला सरकपट्टी आणावी, तर ती पट्टीच थोडी रुंदी खाते. मजकूर आणखी अरुंद होऊन आणखी लांबतो. कधी असेही होते की पट्टी नसती तर मजकूर मावला असता, आणि पट्टी आहे म्हणूनच तो मावत नाही. आधी रुंदी पक्की करायची आणि मग उंची काढायची, अशी शिस्त पाळली तर हा गुंता सुटतो.

सगळेच सैल सोडावे, असेही माझे म्हणणे नाही. मोबाइलवर आलेला सहा अंकी सांकेतिक क्रमांक भरण्याची घरे ठरावीक मापाची असावीत. चिन्हचित्रे ठरावीक मापाची असावीत. रुंद पडद्यावर परिच्छेदाला मोकाट पसरू दिले, तर ओळ इतकी लांबते की डोळा पुढच्या ओळीचा आरंभ चुकतो. तेथे कमाल मर्यादा घालणे हेच वाचकावरचे उपकार. मर्यादा असावी, पण ती आतल्या मजकुराचा आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून घातलेली असावी.

डोळ्यांचा उल्लेख मी हेतुपूर्वक केला. साठीपुढचे आपले शिक्षक, आपले आईवडील संगणकावरची अक्षरे मोठी करून वाचतात. विंडोजमध्ये, मॅकवर, सर्वत्र ती सोय आहे. अक्षर दीडपट झाले की बटणाची गरज दीडपट होते. बटणाला विचारले जात असेल, तर ते वाढते. त्याच्या तोंडी ८० घातलेले असतील, तर अक्षर वाढते, चौकट तेवढीच राहते, आणि ज्याच्यासाठी अक्षर मोठे केले त्यालाच शब्द अर्धा दिसतो. भाषेची गैरसोय आणि वयाची गैरसोय या एकाच सवयीतून जन्मतात. एकीवरचा उपाय दुसरीलाही लागू पडतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत प्रोग्राम लिहिणारे अनेक आहेत आणि प्रोग्राम विकत घेण्याचा निर्णय करणारेही आहेत. दोघांकरिता तीन साध्या कसोट्या सुचवतो. पहिली: खिडकी मराठीत उघडा आणि प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार शाबूत आहे का ते पाहा. दुसरी: अक्षर दीडपट करा. तिसरी: खिडकी कोपऱ्याला धरून आधी लहान करा, मग पडदाभर मोठी करा. पाच मिनिटे लागतात. या तिन्ही कसोट्यांना न उतरणारी वस्तू रंगाने कितीही देखणी असली तरी ती अपुऱ्या मापाची आहे, असे निःसंकोच सांगावे आणि दुरुस्ती मागावी. अनुवाद येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्रत्येक शब्दापुढे मुद्दाम चारदोन अक्षरे वाढवून, त्यांवर काल्पनिक मात्रा चढवून खिडकी तपासण्याची पद्धत आमच्या व्यवसायात रूढ आहे. जेथे कापाकापी होते, तेथे कुणीतरी आकडा लिहून ठेवला आहे असे समजावे.

शेवटी शाळेपुरती एक सूचना. लिब्रेऑफिस हा लेखनासाठी आणि हिशेबासाठी वापरला जाणारा विनामूल्य प्रोग्राम मराठी खिडक्यांसह मिळतो. आपल्या संगणक-कक्षात तो मराठीत बसवावा. महिन्यातून एका रविवारी नववी-दहावीच्या मुलांनी आणि चार माजी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून त्याची एकेक खिडकी उघडावी, कुठे शब्द कापला जातो आणि कुठे अनुवाद अडखळतो याची वहीत नोंद करावी आणि ती त्याच्या कर्त्यांकडे पाठवावी. असे प्रोग्राम खुले असतात. नीट लिहिलेली तक्रार तेथे वाचली जाते आणि दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार दहावीच्या मुलालाही असतो. ते काम करताना शुद्धलेखन, शब्दांची पारख आणि गणित, तिन्ही विषयांचा अभ्यास होईल. पहिल्या रविवारी मी येईन. ज्यांना यायचे असेल, त्यांनी कार्यालयात ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे.